करीच्या दिवशीच्या दोनशे चिठ्ठ्या

भादव्याचं ऊन निघालं होतं, पण पऱ्हाटीच्या पानांवरचं दव अजून वाळलं नव्हतं. ओल्या फुलाचा पराग कामाचा नसतो. म्हणून सहाही बाया शेताच्या धुऱ्यावर बसून तंबाखू मळत होत्या, अन् त्यांची म्होरकी यशोदाबाई काल कळ्यांवर चढवलेल्या लाल कागदाच्या टोप्या नजरेनंच मोजत होती. कपाशीच्या संकराचं हे काम दोन वेळांचं. सांजेला, उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर नखानं काढायचे, टोपी घालायची, चिठ्ठी बांधायची. सकाळी टोपी काढून उमललेल्या फुलावर दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग घासायचा. कळीत तिचा स्वतःचा पराग राहिला, की संकर वाया गेला.

साल चौऱ्याऐंशी. मधुकरराव देवतळे खिशात पत्र घेऊन बांधावरून आले.

सेलूजवळच्या त्या लहानशा कापूस केंद्रावर ते आनुवंशशास्त्राचे संशोधक. चोवीस वर्षांत अकरा निबंध छापून आलेले. त्यातले दहा कोणी वाचले नाहीत, हे तेच हसून सांगायचे. अकराव्यानं मात्र त्यांना नाव दिलं. संकरातल्या आई-झाडाचं पान गुळगुळीत, बाप-झाडाचं लवदार. लेकरं लवदार निघायला हवी होती. निघाली सगळी आईसारखी. पानावरची लव आईच ठरवते, असं त्यांनी सत्त्याहत्तर साली लिहिलं. प्रत पाठवा म्हणून देशोदेशीची कार्डं आली. दुसऱ्यांच्या तेवीस निबंधांत त्यांचा दाखला आला. विभागप्रमुखाच्या जागेसाठी केलेल्या अर्जात हाच निबंध सगळ्यात वर टाईप केलेला होता. अर्ज टेबलावर होता, फक्त धाडायचा बाकी.

खिशातलं पत्र दक्षिणेतल्या एका तरुण संशोधकाचं होतं. भाषा अदबीची. तीन हंगाम करून पाहिलं, एकदाही तसं निघालं नाही. आपल्या मूळ नोंदी पाहायला मिळतील काय. मधुकररावांनी जुनी वही काढून पाहिली होती. त्या जोडीचा सगळा संकर एकाच तारखेचा होता. पंच्याहत्तर साल, पोळ्याची कर, म्हणजे सणाचा दुसरा दिवस.

"यशोदाबाई, त्या वर्षी करीच्या दिवशीचं काम तुमच्याच हातचं ना?"

"हौ जी. तुमीच बलावलं होतं. बापाचं झाड दोनच दिस फुलावर हाये म्हने."

"कळ्या साफ केल्या होत्या?"

ती त्यांच्याकडं पाहतच राहिली. "करीच्या दिवशी हिरव्याले नख कोन लावते, साहेब? टोप्या घातल्या, चिठ्ठ्या बांधल्या. दोनशे. दुसऱ्या दिवशी पराग बी लावला."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगाले आलती मी. तुमी वर्ध्याले गेलते, सासुरवाडीले."

"पुरनपोळ्या खाले," मागून कोकिळा म्हणाली. बायांनी तोंडाला पदर लावले.

"दुसऱ्या दिवशी तुमी चिठ्ठ्या पाह्यल्या," यशोदाबाई म्हणाली, "अन् म्हनले, बरोबर हाये सगळं. मले वाटलं, साहेबाले समजते."

म्हणजे ती लेकरं संकराची नव्हतीच, आईच्याच परागाची होती. दव वाळलं होतं. बाया उठल्या, तसे तेही खोलीकडं वळले.

निबंधातलं एक वाक्य त्यांना पाठ होतं. सर्व संकर लेखकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली करण्यात आले. ते लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नव्हता. सगळेच तसं लिहितात.

त्यांनी नियतकालिकाच्या संपादकाला पत्र लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत उतरलं, मजुरांच्या चुकीमुळे. वाचून पाहिलं तर कानशिलं तापली. बायांना सणाच्या दिवशी कामाला जुंपून हा पत्र लिहिणारा माणूस पाटावर बसून तुपाची धार मागत होता, आणि नऊ वर्षांनी चूक त्यांच्या पदरात टाकत होता. कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, त्या दिवशी मी शेतात नव्हतो. देखरेखीचं मी खोटं लिहिलं. कळ्या मी तपासल्या नाहीत. निबंध मागे घ्यावा. त्याचीच एक नक्कल दक्षिणेतल्या त्या पोराला. मग अर्ज ओढला अन् सगळ्यात वरची ओळ शाईनं खोडली. खाली उरलेले दहा फार पोरके दिसत होते.

पाकिटं शिपायाजवळ दिली नाहीत. तो पत्ता वाचेल, विचारेल. स्वतःच सायकल काढून सेलूच्या डाकघरात गेले, आणि येताना ओळखीचं कोणी दिसलं की खाली चाकाकडं पाहत राहिले.

चार वाजता बाया पुन्हा ओळीत बसल्या होत्या. मधुकरराव यशोदाबाईच्या बाजूला उकिडवे बसले.

"सरका थोडं."

तिनं जागा दिली. पहिली कळी त्यांच्या हातात तुटली, दुसरीही.

"नख वाढवा लागन, साहेब. असं दाबलं का तुटते."

तिसरी जमली. त्यांनी ती तिच्यासमोर धरली. तिनं उन्हाकडं करून वाकून पाहिलं.

"एक राह्यला."

त्यांनी चष्मा पुसला, राहिलेला पुंकेसर काढला आणि कळीवर लाल टोपी घातली.