साहेबांनी थांब म्हटलं होतं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते थोरल्या वहिनींचे. त्या लग्न होऊन आमच्या गावी, सास्तूरला आल्या तेव्हा मी तिसरीत होतो. त्यांची स्वतःची शाळा सातवीत सुटली होती. बारावीनंतर दादा मला शेतात घेणार होता, तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "भावजींना शिकू द्या. वाया गेले तर मला बोला." त्या शब्दावर मी घरातला पहिला पदवीधर झालो.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात स्टोअरला लागलो. मला कामावर घेणारे साहेब आमच्याच भागातले. त्यामुळे आमचा विभाग बंद होऊन सगळ्यांना घरी बसवलं, तेव्हाही मला राग आला नाही. साहेब म्हणाले, "थोडं थांब. बोलावतो."

खोलीत माझ्याबरोबर ईट गावचा एक मुलगा होता, त्याच विभागातला. पगारातून कामगार विम्याची वर्गणी कापली जायची; नोकरी गेली तर त्यातून काही महिने भत्ता मिळतो, हे मला त्यानंच सांगितलं. त्यानं लगेच अर्ज केला. मी केला नाही. साहेबांनी शब्द दिलेला असताना भत्ता मागायचा म्हणजे त्यांच्यावर विश्वास नाही असं होतं, असं मला वाटलं.

"साहेबाचा जावई व्हायलास का?" तो म्हणाला. "अर्ज टाक की येड्या."

भत्त्यावर भाडं भरत त्यानं दुसरं काम शोधलं आणि तो नाशिककडं गेला. मी थांबलो.

खोली सुटली की गाव, हे कळत होतं. म्हणून लग्नांत वाढप्याचं काम करून भाडं भरत राहिलो. दिवाळीला सुट्टी नाही असं घरी कळवलं. इमारतीतले सगळे गावी गेले होते. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की मी उगीच दार उघडून बघायचो. संध्याकाळी घरून फोन यायचा. आमच्याकडं फोन कायम स्पीकरवर असतो, अख्खं घर भोवती असतं. मी म्हणायचो, बरं चाललंय. लांबून वहिनी विचारायच्या, "जेवलाव का?"

वर्ष उलटल्यावर एकदा कारखान्याच्या गेटवर गेलो. वॉचमन म्हणाला, साहेब कधीच दुसरीकडं गेले. तिथून तसाच विम्याच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद नीट पाहिले आणि सांगितलं, अर्ज वर्षाच्या आत करायचा असतो, आता काही होणार नाही.

"तुमच्याबरोबरच्यांनी तेव्हाच अर्ज केले," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठं होता?"

"इथंच होतो," मी म्हणालो.

भाडं थकलं होतं. मालकानं खोली सोडायला सांगितली. हे स्पीकरवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून वहिनींना पत्र लिहिलं:

"वहिनींना नमस्कार.

माझी नोकरी जाऊन वर्ष झालं. तुमच्याशी खोटं बोलत आलो. विम्याचा भत्ता मिळण्यासारखा होता. त्यावर इथं राहून दुसरं काम बघता आलं असतं. मी नुसता वाट बघत बसलो आणि मुदत गेली. आता खोलीही सोडतोय. दादाला एवढ्यात सांगू नका. तो तुमच्यावर रागावेल तेव्हा मला समोर असायचंय. रविवारी दुपारच्या गाडीनं लोहाऱ्याला उतरेन. कुणाला घ्यायला पाठवू नका, जीपनं येतो."