आत्याला शहरापेक्षा इंजिन आठवतं

मंडळी, आज अकोल्याला जाताना आमची भाड्याची गाडी मालेगावजवळ तापून बंद पडली. तेव्हा ऐंशीला टेकलेल्या आत्यानं तिच्या लहानपणचं सांगितलं.

पन्नासच्या दशकातली दिवाळीची सुट्टी. आजोबांनी अकोला दाखवायला भाड्याची मोटार केली होती. वाटेत तिचा रेडिएटर गळू लागला. ड्रायव्हरनं शेतातल्या एका घरून हळद मागून आणली आणि पाण्यात टाकली.

दहा वर्षांच्या आत्यानं विचारलं, "काका, हळद कायले?"

"भोक बुजते, बाई. पाह्य, गळनं थांबून राह्यलं."

"मले इंजिन शिकवता?"

ड्रायव्हर हसला. आजोबांनी तिला हात धरून गाडीत बसवलं.

"अकोल्यात काय पाह्यलं, ते आठवत नाही," आत्या आज म्हणाली. "पन मले इंजिन कोनं काहून शिकवलं नाही?"

मंडळी, तिला तुम्ही काय सांगितलं असतं?