गोदामवाली मॅडम

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहाचा घोट गिळा. मागं हे सांगताना माझ्या एका मैत्रिणीच्या नाकातून चहा आला होता.

तर मंडळी, मी, विमा कंपनीतल्या अधिकाऱ्याची सोज्वळ, पापभीरू बायको, जयपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये एका सरकारी साहेबांना लाच देताना पकडली गेले. भर दुपारी! बंगल्याच्या हिरवळीवर! आणि लाच कसली, तर मेतकुटाची!

बसत नाही ना विश्वास? ह्यांचाही बसला नव्हता.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. ह्यांची जयपूरला बदली झाली तेव्हा 'दोन-तीन वर्षांत परत जाऊ' म्हणत जवाहर नगरात सामान उतरवलं, ते अजून तिथंच आहे. लेक ऋचा इथंच वाढली. तिचं मराठी म्हणजे, "मम्मी, मतलब, मी येऊन जाईन ना!" भाजीवाल्या भैयाशी हिंदी, शेजारणीशी हिंदी. हे मराठी बोलतात, पण 'हं' ही भाषा धरली तरच.

मग माणसानं मराठी बोलायचं कुणाशी? सांगा ना!

आमच्या लहानपणी टीव्हीवर 'आत या ना!' नावाची मालिका लागायची. एका छोट्या गावातलं घर आणि त्यात सतत टपकणारे पाहुणे, एवढीच गोष्ट. आमच्या आळीत टीव्ही एकच. पुढं चटईवर आम्ही पोरं, मागं बायका लसूण सोलत, दारात पुरुष उगाच उभे, जसं काही चुकून तिथं आलेत. त्या मालिकेत गोदामावशी नावाची एक म्हातारी होती. दर भागात यायची, निळ्या पट्ट्यांची कापडी पिशवी घेऊन दारात उभी राहायची आणि म्हणायची, "पिशवी इथंच ठेवू का?"

बस. एवढंच वाक्य. आणि घरातलं कुणी तिला उत्तर द्यायचं नाही! सगळे आपापल्या गोंधळात. आमची आळी मात्र एका सुरात ओरडायची, "ठेव गं म्हातारे!"

ऋचानं मला या मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपात घातलं. "मम्मी, इथे सगळे तुझ्यासारखेच पागल आहेत," म्हणाली. खरंच होते हो! कुणी चित्रं बनवायचं: गोदामावशी विमानतळावर विचारतेय, "पिशवी इथंच ठेवू का?" आणि पुढच्या चित्रात अख्खा विमानतळ रिकामा! गोदामावशी चंद्रावर विचारतेय, आणि तिथंही कुणी उत्तर देत नाहीये!

आणि पिशवीत असतं काय, यावर तर लढाया. मालिकेत ते कधी दाखवलंच नाही ना! एक म्हणे, सांडगे. दुसरी म्हणे, नेसायचं लुगडं. कुणी चुकून 'आज राहा' म्हटलं तर असावं म्हणून. भांडणंच ती, पण काय गोड! आपल्याच घरातल्या म्हातारीबद्दल बोलावं तसं बोलायचे सगळे. मीही 'गुळपोळी' या नावानं तिथं तासन्‌तास पडीक.

त्या ग्रुपातलं माझं सगळ्यात लाडकं माणूस म्हणजे 'खुंटीवरची टोपी'. एकदा टोपीनं लिहिलं, "टोपीला वाटतं, पिशवी रिकामीच असते. जाताना कुणीतरी काहीतरी भरून देईल म्हणून बाई ती घेऊन येते. आणि दर वेळी तशीच परत नेते."

मी पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी करपली.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"अहो, गोदामावशीची पिशवी रिकामी आहे हो!" मी डोळे पुसत म्हटलं.

"हं," हे म्हणाले.

आता गंमत बघा. टोपी स्वतःबद्दल 'मी गेलो' की 'मी गेले', कधीच लिहायची नाही. कायम 'टोपीला वाटतं', 'टोपी म्हणते'. पण टोपी बाईमाणसाच्या डोक्यावर कशाला असेल? मी ठरवूनच टाकलं की हे कुणीतरी निवृत्तीला आलेले, चष्मेवाले, हळव्या मनाचे गृहस्थ आहेत.

एका रविवारी टोपीनं फोटो टाकला. दगडी बांध, पलीकडं पाणी, कठड्यावर स्टीलचा डबा. मी ताडकन उठले. हा तर कानोत्याचा बांध! आम्ही हिवाळ्यात तिथंच पुरीभाजी घेऊन जातो.

लगेच लिहिलं, "टोपी जयपुरात?"

उत्तर आलं, "टोपी जयपुरातच. सिव्हिल लाइन्स. फाटकावर पांढरी बोगनवेल असलेला सबनीसांचा बंगला. कधीही या, पण कळवून नको. गोदामावशी कधी कळवून आली होती?"

आता यापुढं मी घरात बसणारी बाई आहे का? जुन्या चादरीची निळ्या पट्ट्यांची पिशवी शिवली. आणि रिकामी कशी न्यायची? टोपीनं एवढं रडवलेलं! म्हणून घरचं मेतकूट, सांडगे, कुरडया, गोडा मसाला, सगळं ठासून भरलं. रिक्षात बसून वाक्याचा सराव केला. रिक्षावाला आरशातून दोनदा बघून गप्प बसला.

फाटकावर मोठ्या मिशांचे रामसिंगजी उभे होते.

"किससे मिलना है?"

"साहब से. बोलना, गोदामावशी आई है."

"कौन?"

"गोदा-मावशी!"

रामसिंगजी आत गेले आणि मला त्यांचा खणखणीत आवाज ऐकू आला, "साब, गोदाम वाली मैडम आई हैं. थैला लेके!"

मला हसूच आलं. पण मला तेव्हा ठाऊक नसलेली एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवते. सबनीस साहेब होते धान्याच्या गोदामांची तपासणी करणारे अधिकारी. माणूस धुतल्या तांदळासारखा. नुकतंच त्यांनी कुण्या बड्या व्यापाऱ्याचं गोदाम सील केलं होतं, आणि तेव्हापासून त्यांना निरोप येत होते, 'आमचं कुणीतरी येऊन भेटेल.'

आणि भेटायला कोण आलं? मी! थैल्यासकट!

साहेब व्हरांड्यात आले. चष्मा होता. माझी खात्रीच पटली. मी गोदामावशीसारखी मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला आणि म्हटलं, "पिशवी इथंच ठेवू का?"

साहेब पांढरे पडले. "तुम्ही मराठी?"

"म्हणजे काय! आपल्या माणसाशिवाय हे कुणाला कळणार?"

"काय आहे त्यात?"

"अय्या! ते का कुणी उघड सांगतं?"

"बाई, तुम्हाला पाठवलं कुणी?"

"तुम्हीच तर बोलावलंत! म्हणालात ना, पिशवी रिकामी असते म्हणून? म्हटलं, आपण भरूनच न्यावी!"

"मी? मी म्हणालो? कुणाजवळ?"

"सगळ्यांसमोर! शेकडो लोकांनी वाचलंय. पुण्याची एक बाई तर ढसाढसा रडली."

साहेबांनी खुर्चीचा हात धरला. मला वाटलं, किती संकोची माणूस! त्यांना मोकळं करावं म्हणून मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "आता लपवू नका. तुम्हीच टोपी ना?"

"टोपी?" साहेब कडाडले. "बाई, उभ्या जन्मात मी कुणाला टोपी घातलेली नाही!"

"अहो, घातली नाही हो! तुम्ही स्वतःच टोपी!"

"रामसिंग! गेट बंद करो!"

बघता बघता माझी पिशवी हिरवळीच्या मधोमध, मी एका प्लास्टिकच्या खुर्चीवर, आणि रामसिंगजी मध्ये उभे. साहेब फोनवर सांगत होते, "जी, महिला है. हाँ, थैला भरा हुआ है. मैंने छुआ तक नहीं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे उजेड कसला, अंधारी आली! ह्यांची निवृत्ती तोंडावर आलेली. उभ्या नोकरीत ह्यांनी ऑफिसचं पेन घरी आणलं नाही, आणि बायको लाचेत? साताऱ्याला कळलं तर? मी ह्यांना फोन लावला.

"अहो, मला पकडलंय."

"कुणी?"

"टोपीनं!"

"पोलिसांनी?"

"नाही हो, टोपी म्हणजे, टोपी नाहीये तो. मला वाटलं टोपी आहे. आता पिशवी उघडणारेत."

हे म्हणाले, "पत्ता सांग."

हे स्कूटरवरून पोचले तेव्हा साहेबांच्या खात्यातली दोन माणसं आलेली होती. कॅमेरा सुरू करून, रामसिंगजी आणि माळी यांना साक्षीला उभं करून पिशवी उघडली. आधी सांडगे निघाले. मग कुरडया. मग मेतकुटाची बरणी.

"यह पीला पाउडर क्या है?"

इतकी वर्षं जयपुरात काढली, पण घाबरल्याबरोबर माझं हिंदी पार साताऱ्याला निघून गेलं. "मेतकूट. भात पे डालते. वर से तूप."

"तोप?" तो माणूस दोन पावलं मागं सरला.

"घी! घी!" हे ओरडले. माझ्या संसारात ह्यांचा आवाज एवढा चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

सबनीस साहेब पुढं आले. झाकण काढलं आणि नुसता वास घेतला. काय झालं कोण जाणे, पण त्यांचा चेहराच बदलला. साहेब गेले आणि तिथं कुणीतरी चड्डीतला मुलगा उभा राहिला, शाळेतून दमून घरी आलेला.

"हे घरी केलंय?" त्यांनी हळू विचारलं.

"मग? लाच म्हणून काय विकतचं देईन?"

बोलून गेले आणि जीभ चावली! ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, तू गप्प बस ना जरा!"

तेवढ्यात घरातून काठीचा आवाज आला. एक गोऱ्यापान, वाकलेल्या माई व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. एका हातात काठी, दुसऱ्यात फोन. त्यांनी हवेत वास घेतला, हिरवळीवरची निळ्या पट्ट्यांची पिशवी बघितली, मग मला बघितलं.

"गुळपोळी?"

मी मान हलवली.

"अगं बाई, मग पिशवी उन्हात का ठेवलीस? आत आण ना. आणि आज जेवूनच जा."

काय सांगू तुम्हाला! ज्या उत्तराची आमची अख्खी आळी वाट बघत होती, ते त्या माउलीनं एवढं सहज देऊन टाकलं. मी त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हमसून हमसून रडले. कॅमेरावाल्याला वाटलं, आरोपीनं गुन्हा कबूल केला.

"आई," सबनीस साहेब म्हणाले, "तू टोपी?"

"मग काय करू? तू दिवसभर गोदामांत. मी काय फाटकाकडं बघत बसू? नाव काही सुचेना, समोर खुंटीवर तुझ्या बाबांची टोपी होती, तेच दिलं."

साहेब खाली बसून एकेक सांडगा पिशवीत परत भरायला लागले.

मग काय, भात टाकला. साहेब, हे, खात्यातली दोन माणसं, सगळे मेतकूट-भात जेवले. कॅमेरावाल्यानं दोनदा मागून घेतला. साहेबांनी ताट पुसून खाल्लं आणि आईला विचारलं, "ती मालिका फोनवर कधी बघतेस तू? रात्री लावशील?" माई नुसत्या हसल्या, आणि माझ्या पिशवीत आपल्या झाडाची लिंबं भरायला लागल्या.

तर एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं. पण माईंना कुठला धीर! त्यांनी नावं बदलून अख्खा प्रसंग ग्रुपवर टाकला. मथळा: 'गोदामवाली मॅडम'. लोक वेडे झाले! दुसऱ्या दिवसापासून चित्रं सुरू. गोदामवाली मॅडम मेट्रोच्या तपासणीत. गोदामवाली मॅडम सीमेवर, समोर बंदुका, हातात कुरडया. गोदामावशीला कुणी विचारेना!

मग चर्चा. कुणी म्हणे, ही बाई जन्माची वेंधळी. कुणी म्हणे, बिचारी एकटी पडली असणार, मराठी बोलायला मिळावं म्हणून ती तुरुंगातही गेली असती. शेकडो लोक माझ्याबद्दल इतक्या मायेनं भांडताहेत, आणि ती मीच आहे हे माईंशिवाय कुणाला ठाऊक नाही!

पण वेंधळी? हे मला सोसेना. मी गुळपोळीच्या नावानं ठणकावून लिहिलं, "माझ्या मते गोदामवाली मॅडम अतिशय हुशार, चौकस आणि प्रसंगावधानी आहेत. त्यांची मुळीच चूक नव्हती."

मिनिटाभरात खाली कुणीतरी लिहिलं, "ताई, राग मानू नका, पण तुम्हाला हे पात्र कळलेलंच नाही."

आणि त्याला पहिला लाल बदाम कुणी दिला माहितीये? कालच ग्रुपात आलेल्या एका नव्या माणसानं. स्वतःचं नाव ठेवलं होतं, 'हं'.