सावळीबायचा शेतकरी नंबर

सावळीबायला मुरबाडला दिली होती. नवऱ्याने दुसरी आणली, तेव्हा अंगावरच्या लुगड्यानिशी ती तानशाकडच्या आपल्या माहेरी परत आली ती कायमची. बाप अंथरुणाला खिळलेला, भाऊ भगीरथ अजून शाळेत. मग नांगर धरणार कोण? सावळीने धरला. गावाने चार दिवस तोंडात बोटं घातली आणि मग ते आपापल्या कामाला लागलं.

तेव्हापासून पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजण्यापासून मळणीपर्यंत सगळं तिच्या जिवावर चाललं. त्याच भातावर भगीरथ शिकला, भातसानगरला धरणावर नोकरीला चिकटला आणि बायकापोरांसह तिथल्या कॉलनीत राहायला गेला. बाप वारला तेव्हा सावळीने तलाठ्यापुढे हक्कसोडीला अंगठा दिला. रीतच आहे ती. जी बहीण हक्क सोडत नाही तिचं माहेर तुटतं. शिवाय जमीन कुठे पळून जात होती? खुळी बाई, दुसरं काय!

यंदा गावात शेतकरी नंबर काढायचं शिबिर लागलं. कृषी खात्याच्या शीतल मॅडम आदल्या दिवशी सांगून गेल्या, "शेती करणाऱ्या प्रत्येकाने यायचं. नंबर नसेल तर धानाचा बोनस नाही आणि बियाण्याची सबसिडीही नाही."

सावळीने त्यातलं ‘शेती करणाऱ्या प्रत्येकाने’ एवढंच धरून ठेवलं. बोनस गेला खड्ड्यात. आयुष्यभर लोकांनी तिला टाकलेली म्हटलं, भगीरथाची बहीण म्हटलं. आता सरकार शेतकरी म्हणणार होतं. शेजारच्या सकुबाईला तिने दहा वेळा ऐकवलं, "माझा पन नंबर येल गो!"

शाळेच्या पडवीत ठेवणीतलं लुगडं नेसून ती रांगेत उभी राहिली. भगीरथही रजा काढून आला होता, तिच्याच मागे उभा होता. संगणकावरच्या हरेशने तिचं आधार कार्ड घेतलं, बटणं दाबली आणि मान हलवली.

"मावशी, तुमच्या नावावर जमीन नाय दिसत."

"जमीन भावाची हाय रे. शेती मी करते."

शीतल मॅडम जवळ आल्या. बाई भली होती. तिने भगीरथाला विचारलं, "जमीन या कसतात का? तसं असेल तर कसणारी म्हणून नाव लावता येतं का, मी वर विचारून बघते."

कसणारी म्हटल्याबरोबर भगीरथाचा चेहरा उतरला. एकदा कसणाऱ्याचं नाव कूळ म्हणून लागलं की जमीन हातची जाते, ही धास्ती या भागात आज्या-पणज्यापासून रक्तात भिनलेली. तो घाईघाईने म्हणाला, "नाय, नाय, मॅडम. शेती मीच करतो. ती घरी असते. मदत करते जराशी."

रांगेत सगळा गाव होता. सकुबाई तोंड उघडणार, तोच सावळीने तिचा हात घट्ट दाबला. भगीरथाला नंबर मिळाला.

घरी परतल्यावर तो ओटीवर टेकला. त्याला जेवण वाढायला ती काही उठली नाही.

"बाय, राग नको धरू. कूळबिळ लागलं असतं तर पोरांचं काय झालं असतं?"

नवऱ्याने दुसरी आणली तेव्हाही सावळीचा जीव एवढा तुटला नव्हता.

"तुला वाटलं, मी तुझी जमीन घेन?"

भगीरथाने खाली मान घातली. मग तो उठला, मोटरसायकल काढून भातसानगरला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी राब भाजायचा होता. वारा पडलेला, पाला खडखडीत वाळलेला. सकुबाई दारात आली. "चल गो सावळे, ऊन व्हायच्या आत पेटवू."

सावळी चुलीपाशी बसून होती.

"मला नको इचारू," ती म्हणाली. "भगीरथाला फोन लाव. शेती तो करतो."