न मागता काढलेला डाग

नांदेडच्या बसस्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. नोकरीसाठी पासपोर्ट फोटो म्हटलं की आम्ही गिऱ्हाईकाला काही विचारत बसत नाही. चेहरा जरा उजळ करायचा, मुरूम-डाग पुसायचे आणि हातात द्यायचा. आमच्या धंद्यात सगळेच करतात. आजवर कुणी तक्रार केली नव्हती, उलट ‘लई भारी आला’ म्हणत खुशीत जायचे.

मागच्या महिन्यात कंधारची एक पोरगी आली. लातूरच्या एका खासगी दवाखान्यात रिसेप्शनची जागा निघाली होती. तिच्या गालावर लहानपणी भाजल्याचा मोठा काळपट डाग. मी तो सवयीनं पुसला. तिची गाडी लागली होती, म्हणून अर्जाबरोबर फोटोही माझ्याच कॉम्प्युटरवरून पाठवून दिला. तिनं तो पाहिलासुद्धा नाही.

नंतर एकदा दुपारी ती थेट लातूरहून आली. मुलाखतीला बोलावलं होतं. तिथल्या साहेबानं फोटोकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, “हा कुणाचा फोटो लावलास?” पुढं एक प्रश्न न विचारता तिला वाटेला लावलं.

“काका, मी डाग काढा म्हणले होते का?”

“न्हाई ग बाई.”

“मग कशाला काढला? लोकं गालाकडं बघतेत, त्याची सवय हाय मला. पण आजवर लबाड कुणी म्हणलं नव्हतं.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. “दवाखान्यात काम करायचं का गाल दाखवायचा?” असं तिच्यासमोर त्या लातूरच्या साहेबाच्या नावानं चार शब्द बोललो. तिला चहा पाजला. पुन्हा फोटो काढला, चेहरा आहे तसाच ठेवून. तिला जरा बरं वाटलं असावं.

जाता जाता ती दारावरचा कागद वाचत थांबली.

“काका, तुमालाच काउंटरवर पोरगी पाहिजे हाय की! कॉम्प्युटर येतो मला. मी येऊ का?”

माझ्या डोळ्यांसमोर लग्नाच्या ऑर्डरी घेऊन येणारी माणसं उभी राहिली. दुकानात शिरताच त्यांना आधी हाच गाल दिसणार. फोटोचं दुकान आहे शेवटी.

“जागा भरली ग,” मी म्हणालो. “कागद काढायचा राहिला.”

“मग काढून टाका काका. लोकं उगं आशेनं येतेत.” तिनंच तो कागद चिकटपट्टीसकट हळूच सोडवला, काउंटरवर ठेवला आणि गेली.

लातूरच्या साहेबानं निदान तिला तोंडावर नकार दिला होता. मला तेवढंही जमलं नाही.