टक लावून पाहण्याचं शास्त्र

चहा आधी संपवा, मग ऐका, नाहीतर कप सांडाल. लग्नाला जेमतेम सात महिने झाले होते आणि मी, जिचा आवाज शेजारणीलाही माहीत नव्हता, नवऱ्यावर संमोहन करायला निघाले होते!

हे मुकुटबनला मास्तर, मी घाटंजीला सासूबाईंजवळ. पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी संध्याकाळी यायचे, रविवारी दुपारच्या मोटारीनं परत. त्यांनी बदलून टाकलेल्या सदऱ्याला खडूचा वास असायचा. मी तो सदरा बुधवारपर्यंत धुवायची नाही. पण बुधवारनंतर काय करायचं? मला एवढंच हवं होतं, की त्यांनी म्हणावं, चाल माह्यासंग. हे तोंडानं कसं मागायचं? मी तर ताटात मीठ कमी पडलं तरी अळणीच जेवून उठायची.

अशात आठवडी बाजारात एक काळ्या कोटातला माणूस आला. त्यानं एका दणकट हमालाकडे टक लावून पाहिलं, तर हमाल उभ्या उभ्या झोपला. मग पेरू म्हणून दिलेलं कच्चं वांगं हमालानं मिटक्या मारत खाल्लं. कोटवाला म्हणाला, ही जादू नाही, शास्त्र आहे. पापणी न लववता काळ्या ठिपक्याकडे पाहायचा सराव करा, नजरेत बळ येतं, मग समोरचा तुमचंच ऐकतो.

शास्त्र! मला नेमका हाच शब्द हवा होता. आमच्या घरानं बुद्धाची दीक्षा घेतलेली. गंडेदोरे, अंगारे सगळे बंद, आणि सासूबाई त्याबाबतीत फार कडक. वशीकरणाचं नुसतं नाव काढलं असतं तरी त्यांनी मला माहेरच्या मोटारीत बसवलं असतं. पण शास्त्राला कुठे मनाई होती?

चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं ठिपका काढला. भाकरी थापता थापता त्याच्याकडे पाहायची. आता मला सांगा, कपाशीच्या ओल्या पऱ्हाटीच्या धुरात पापणी न लववणारी माझ्याइतकी शहाणी सून साऱ्या जिल्ह्यात सापडली असती का? दोन आठवड्यांत डोळे कुंकवासारखे लाल. मला वाटलं, बळ येतंय.

शनिवारी हे जेवायला बसले. मी दाराआडून नजर लावली. मनात एकच घोकणं, म्हणा, चाल माह्यासंग. यांचा घास घशात अडला. पाणी प्याले, पाटावर सरकले, पुन्हा सरकले. लागू पडत होतं! तेवढ्यात यांनी हळूच आईला विचारलं,

"माय, ही माह्यावर रागावली हाय काय?"

सासूबाईंनी मला दिव्यापाशी ओढून डोळे पाहिले आणि अशा ओरडल्या, की शेजारीण धावत आली. ती म्हणाली, बाहेरचं दिसतं, बाबाकडे न्या. सासूबाईंनी तिला तिथंच थांबवलं. "ते सारं सोडलं आमी. उद्या डाक्तरकडं."

डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यांना काय केलं? खरं सांगा, नाहीतर औषध चुकेल. मग काय, सगळं सांगावं लागलं. ठिपका, कोट, वांगं. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला हे. डॉक्टर इतके हसले, की चष्मा काढून पुसू लागले. म्हणाले, तो हमाल त्याचाच माणूस असणार. आणि बाई, खरं संमोहन केलं तरी माणसाला सगळं ऐकू येतं. त्याच्या मनात नसेल ते त्याच्याकडून कोणी करवून घेऊ शकत नाही.

म्हणजे यांच्या मनातच नव्हतं.

हे खाली फरशीकडे पाहत म्हणाले, "खोली तं मी दिवाळीपासून घेऊन ठेवली. तू काई बोलूनच नाई राह्यली. मले वाटलं, तुले यायचंच नाई."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "दोघायच्या तोंडाले कुलूप. मले तरी सांगाव का नाई? मी का बांधून ठेवली होती तुले?"

त्याच दुपारी मी यांच्याशेजारी मोटारीत बसले. दोन्ही डोळ्यांवर डॉक्टरांची पट्टी, आठ दिवस सोडायची नाही. हे हात धरून सांगत राहिले, हे मुकुटबन, ही खोली, ह्या खिडकीतून माही शाळा दिसते. मी मान हलवत राहिले. भाकरी यांनीच थापल्या, मी अंदाजानं खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडच्या दोघी बायांचं बोलणं कानावर आलं. "मास्तर लय मोठ्या मनाचा माणूस वं. आंधळीसंग लगन केलं."

मी पट्टीआडून ऐकत होते. आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. मी काहीच बोलले नाही.