चार बोटं उंच जीप

"कोणी हलू नका," मालक म्हणाले.

जीपची दरीकडची दोन चाकं कडेच्या मुरमात होती आणि मुरूम हळूहळू खाली जात होता. डोंगराकडची दोन चाकं जमिनीपासून वीतभर वर उचलली होती. मालक मागून उडी मारून बाहेर पडले होते आणि डोंगराकडच्या पायरीवर चढून टपाच्या लोखंडी दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळत होते. त्यांच्या वजनाने जीप अजून उलटली नव्हती. तसं वजन म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. माझा नवरा वाळक्या शेंगेसारखा माणूस होता.

मुलगा गाडी चालवत होता. त्याचा पाय ब्रेकवर होता. मी त्याच्या शेजारी, दरीच्या बाजूला. मागे सून, तिच्या मांडीवर सहा महिन्यांची नात. माझ्या बाजूला दार नव्हतं, नुसती साखळी होती. साखळीखाली सागाचे शेंडे दिसत होते. एक दगड सुटून खाली गेला. तो कुठे थांबला त्याचा आवाज आला नाही.

"दादा, ब्रेक धरत नाय नीट," मुलगा बापाला म्हणाला.

"धरतोय. पाय काढू नको फक्त."

ही जीप अशी उंच मी करून घेतली होती. ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमचं गाव पेठच्या बाजूला डोंगरात. तेव्हा मोबाईल आमच्याकडे आले नव्हते आणि गावापर्यंत डांबरही आलं नव्हतं. जुनी डिझेलची जीप होती, तिच्यात पाड्यावरची माणसं पेठच्या बाजाराला न्यायची आणि आणायची, हा आमचा धंदा. आधी मालक चालवायचे, मग मुलगा चालवायला लागला. वाटेत दगड असे की जीपचं पोट घासायचं. त्या श्रावणात शेजारणीच्या सुनेला बाळंतपणाला नेताना एका दगडावर आपटून खालचं ऑइलचं चेंबर फुटलं. गाडी जागेवर बंद. पोरीला झोळीत घालून चौघांनी पायी नेली. ती आणि तिचं मूल नीट राहिलं, पण तिचं ओरडणं ऐकत मी तीन तास चालले होते. घरी आल्यावर मीच मुलाला म्हणाले, जीप उंच करून घे.

त्याला तेच पाहिजे होतं. नाशिकला गंगापूर रोडवर कोणा द्राक्षवाल्याची उंच केलेली जीप त्याने पाहिली होती, मोठ्या टायरांची. तेव्हापासून त्याच्या डोक्यात ती बसली होती. त्याला एकट्याला पाठवलं असतं तर तो हत्तीएवढी करून आला असता, म्हणून मी आणि मालक बरोबर गेलो.

नाशिकला द्वारका चौकाच्या मागे एक गॅरेज होतं. मिस्तरी चाळिशीचा, चष्म्याला दोरा बांधलेला. त्याने आम्हाला स्टुलांवर बसवलं आणि तीन प्रकार दाखवले. एक, गाडीखालचे स्प्रिंगचे पाटे ज्या कड्यांनी वर टांगलेले असतात त्या कड्या लांब घालायच्या. दोन, एक्सल आणि पाटे यांच्या मधे लोखंडी ठोकळे घालायचे आणि लांब बोल्टांनी आवळायचं. तीन, सगळे पाटेच नवे, जास्त बाक दिलेले, त्यांच्याबरोबर लांब शॉकअप, असा सगळा खोक्यात येणारा संच.

"किती उचलायची, भाऊ?" त्याने मुलाला विचारलं.

"सहा इंच."

"पाळण्यात बसायचंय का? दोन इंच बास."

मी मधेच बोलले. "दोन इंचांनी आमचा दगड जायचा नाय. चार बोटं करा."

"मावशी, जेवढी उंच तेवढी लवकर कलंडते. घाटातली गाडी हाय तुमची."

"मग कशाला विकता?"

तो हसला. "लोक घेतात म्हणून."

त्याचं म्हणणं, घ्यायचा तर पाट्यांचा संच घ्या. पण तो मुंबईहून दसऱ्यानंतर येणार होता. लांब कड्या घातल्या तर वळणावर गाडी डुलेल, म्हणाला. ठोकळे तिथेच फळीवर होते. मी एक ठोकळा उचलून हातात तोलला, भांडं घेताना तोलते तसा. भरीव होता, जड होता. पाट्यांचा संच मी पाहिला नव्हता, नुसतं चित्र पाहिलं होतं. चित्रावर माझा भरवसा नव्हता.

"हेच घाला," मी म्हणाले.

"थांबू की दसऱ्यापर्यंत," मालक म्हणाले.

"तोवर अजून कोणाची बाळंतीण झोळीत न्यायची?"

मिस्तरी मालकांकडे बघत राहिला, त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून. माझ्यापुढे ते फार बोलायचे नाहीत.

संध्याकाळपर्यंत काम झालं. निघताना मिस्तरीने मुलाला गाडीखाली वाकायला लावून मोठे बोल्ट दाखवले. "शंभर किलोमीटरच्या आत हे परत आवळायचे. लोखंड दबून बसतं, मग बोल्ट ढिले पडतात. पाना घेऊन पूर्ण जोर लावायचा. विसरायचं नाय." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मला ऐकू आलं नाही असं मला कधीच म्हणता येणार नाही.

परत येताना पहिल्याच वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकली आणि जरा थांबून सरळ झाली. आधी अशी झुकायची नाही. मी दांडा घट्ट धरला आणि काही बोलले नाही, कारण ठोकळे मी निवडले होते. गावात बाया चढताना चेष्टा करायच्या. एक म्हातारी म्हणाली, "हे काय, जीप हाय का माळा? शिडी तरी ठेव." दगड मात्र पोटाला लागेनासा झाला. मी सगळ्यांना ते सांगत होते. आणि रोज गाडी निघून गेली की ती परत येईपर्यंत मला जेवण जात नव्हतं.

मग नवरात्र आलं. आमच्याकडे नवमीला सगळी हत्यारं धुऊन पुजतात. कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि गाडी घेतल्यापासून गाडीचे पाने आणि जॅक. पाटावर मांडायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशीच उचलायचे. मधे हात लावायचा नाही. माझ्या सासूने हे कधी मोडलं नाही, मीही नाही.

नवमीला दुपारी मुलगा घरात आला. "आये, मागून टकटक वाजतंय. बोल्ट आवळायचे राहिलेत. मोठा पाना दे."

"पुजेत हाय."

"पाच मिनटांचं काम हाय."

"पूजा मोडायची नाय. परवा आवळ."

मालक ओसरीवर सुतळी वळत होते. ते म्हणाले, "लोखंडाला देव मानतेस ना? मग ते काय बोलतंय ते ऐक की."

"तुम्हाला देवाधर्माचं काही पडलेलं नाय, ठाऊक हाय मला," मी म्हणाले. ते हसले आणि परत सुतळी वळायला लागले. मुलगा जरा वेळ पाटापाशी उभा राहिला. पाना त्याच्यापासून दोन हातांवर होता. त्याने घेतला नाही.

मला भीती वाटत नव्हती असं नाही. ती टकटक मीही ऐकली होती. पण गाडीपेक्षा मला पूजा मोडण्याची भीती जास्त वाटली. आणि गाडी मात्र दसऱ्याला हार घालून रस्त्यावर काढली. पाने पुजेत ठेवायचे आणि गाडी चालवायची, हे कुठलं शास्त्र, ते मला आजही सांगता येत नाही.

दसऱ्याला सुनेच्या माहेरी जायचं होतं. नातीचा पहिला दसरा म्हणून तिच्या आईने सगळ्यांना बोलावलं होतं. गाव घाटाखाली. सकाळी दहाला निघालो. प्रत्येक वळणाला मागून टक असा आवाज यायचा. सून म्हणाली, "आत्याबाई, आवाज वाढलाय." मी म्हणाले, "सावकाश जाऊ." चौथ्या वळणावर लोखंड तुटल्याचा आवाज झाला आणि जीपचं मागचं अंग बाजूला सरकलं. मुलगा डोंगराकडे वळवत होता आणि गाडी दरीकडे जात होती. नंतर मिस्तरीने येऊन समजावलं की बोल्ट ढिले होऊन मधला बोल्ट तुटला आणि एक्सल ठोकळ्यावरून सरकलं. चाकच तिरकं झालं, मग स्टिअरिंग काय करणार. बोल्ट आवळले होते का, एवढं त्याने मला विचारलं. मी नाही म्हणाले.

तर आम्ही तसे अडकलो होतो.

"सूनबाई, पोरीला पोटाशी बांध," मालक म्हणाले. "मग माझ्याकडे सरक. बसून सरक, उभी राहू नको."

सुनेने पदराने नातीला छातीशी आवळलं. नात रडत नव्हती, बापाच्या मानेकडे बघत होती. सून बाकावरून इंच इंच सरकली आणि मालकांच्या हाताखालून बाहेर पडली. जीप जरा डोंगराकडे बसली. मला वाटलं, सुटलो.

"आता तू," ते मला म्हणाले.

मी तेव्हा अंगाने चांगली होते. मला गिअरच्या दांड्यावरून आणि मुलाच्या मांडीवरून जायचं होतं. मी म्हणाले, "मला जमायचं नाय."

"तुला जमत नाय असं काही हाय का?" ते म्हणाले. टोमणाच होता तो. मी चिडले आणि चिडून सरकले. मुलाच्या मांडीवर माझं सगळं वजन पडलं, तरी त्याने ब्रेकवरचा पाय हलू दिला नाही. बाहेर रस्त्यावर मी हातापायांवर पडले.

डोंगराकडची चाकं आता जमिनीला टेकली होती. सुनेने एक मोठा धोंडा लोटत आणून पुढच्या चाकाला लावला. मीही एक लावला. मुलगा म्हणाला, "दादा, आता तुमी उतरा. मग मी उडी मारतो."

"तू आधी. मी दांडा सोडला तर ही बाजू परत उचलंल."

"दादा, उतरा."

"पोरा, वाद घालू नको. मार उडी."

मुलाने उडी मारली. ब्रेक सुटल्यावर जीप आमच्या धोंड्यांवर टेकली आणि थांबली. एक श्वास घेण्याइतकी थांबली असेल. मग दरीकडची कड एकदम सगळी ढासळली आणि जीप खाली गेली. मी मालकांचं नाव घेऊन ओरडले. लग्नाला तीस वर्षं झाली होती, त्यांचं नाव मी पहिल्यांदा तोंडाने घेतलं. त्यांनी दांडा सोडला होता का, हात अडकला होता का, की ते अजून जोर लावून धरून होते, मला दिसलं नाही. मुलगा म्हणतो, धरून होते. सून म्हणते, सोडला होता, पण उशीर झाला.

मुलगा, सून, नात आणि मी, आम्ही चौघं वाचलो. मालक वाचले नाहीत.